नित्यनेमातली बाराखडी

एकादशीचा हरिपाठ संपला होता, टाळ पिशव्यांत जात होते, आणि प्रसादाच्या रांगेत एक वयस्क माउली पुढच्या बाईंना म्हणाल्या, "ताई, अनाथ लेकरू घरी आणलंत, वर घरीच बसवून शिकवता. केवढं पुण्य पडतंय तुमच्या पदरात!" बोलणं मनापासूनचं होतं, त्यात खोट नव्हती. पण ते लेकरू, नऊएक वर्षांचा मुलगा, आईला टेकून तिथेच उभा होता. द्रोणातलं केळं खायचं तो थांबला. आईने "असं काही नाही हो" म्हणून विषय मिटवला आणि रांग पुढे सरकली. मला मात्र ते वाक्य सलत राहिलं. अक्षरं उशिरा लागणाऱ्या मुलाला माणसांचं बोलणंही उशिरा कळतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आपल्याविषयी कोण, कुठल्या सुरात बोलतंय, हे त्याला फार लवकर कळतं. शिवाय त्या मुलाने पाच मिनिटांपूर्वीच टाळ वाजवत जे धृपद म्हटलं होतं, त्यातच, 'पुण्याची गणना कोण करी' म्हणत, पुण्य मोजायला नकार आहे.

ज्या घरात असं मूल वाढतं तिथे पुण्याचा हिशेब फारसा कामाला येत नाही. तिथे श्रद्धा लागते ती दुसऱ्याच कामासाठी. काल शिकवलेलं आज पुसलं गेलेलं असतं, आणि तरी त्याच वेळी, त्याच सतरंजीवर, आवाज न चढवता पुन्हा बसायचं असतं. वारकरी घरात हे निराळं शिकवावं लागत नाही. हरिपाठ काल म्हटला म्हणून आज सुटत नाही, आणि महिनाभरात काय मिळालं असंही कोणी विचारत नाही. हा नेम ज्यांच्या अंगवळणी पडलेला असतो त्या आया-बापांना मंदगतीने शिकणाऱ्या मुलासोबत बसणं जमतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

पण नेमाच्या आधी कान तपासायचे.

शिशुगृहातून आलेलं मूल बोलत नाही, ऐकत नाही, एका जागी बसत नाही, की घरचे लगेच 'हळूहळू येईल' किंवा 'बुद्धीच कमी' अशा दोन टोकांना जातात. त्याआधी चार साध्या गोष्टी बघायच्या असतात. पहिली श्रवणचाचणी. लहानपणी वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं असेल तर मुलाला हाक ऐकू येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण 'स', 'फ', 'थ' असे हलके ध्वनी निसटतात आणि 'सात' नि 'हात' त्याला एकच वाटतात. दुसरी नजर, तीही डोळ्यांत थेंब घालून नीट तपासलेली. तिसरी हिमोग्लोबिन: पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं साडेअकराच्या खाली असेल तर आधी लोह, मग अक्षरं, दमलेल्या रक्तावर स्मरणशक्ती उभी राहत नाही. चौथी थायरॉइड. दत्तकाच्या फाइलमध्ये बालकाचा अभ्यास अहवाल, म्हणजे त्याच्या पार्श्वभूमीची नोंद, आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतात. ते बहुतेक घरांत एकदा वाचून कपाटात जातात. जन्मवजन, किती महिन्यांचं असताना संस्थेत आलं, डोक्याचा घेर, लसी, कुठली औषधं चालू होती, एवढ्या नोंदी एका पानावर उतरवून बालविकासतज्ज्ञाकडे नेल्या तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं पहिल्याच भेटीत मिळतात.

संस्थेतल्या पहिल्या महिन्यांचा मेंदूवर काय परिणाम होतो हे आता अंदाजाचं राहिलेलं नाही. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांमधल्या १३६ मुलांवर २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली गेली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांची भाषा, बुद्धी आणि माणसाला बिलगण्याची क्षमता नंतर गेलेल्यांपेक्षा चांगली सावरली. यातून चार-पाच वर्षांच्या मुलाला घरी आणणाऱ्यांनी घाबरून जायचं कारण नाही. समजून एवढंच घ्यायचं की एका आयाबाईच्या वाट्याला अनेक बाळं असतात तिथे बाळाच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर मिळत नाही. हुंकार, मग उत्तर, मग पुन्हा हुंकार, ही भाषेची पहिली इयत्ता त्याची चुकलेली असते. ती आधी भरून काढावी लागते. म्हणून अशा मुलाची दोन वयं मनात ठेवावीत, एक जन्मापासूनचं आणि एक घरी आल्यापासूनचं. सहा वर्षांचं मूल घरी येऊन आठ महिने झाले असतील तर काही बाबतींत ते आठ महिन्यांचंच असतं.

पहिले सहा महिने पाटी काढूच नये. या काळात उशीखाली पोळीचा तुकडा सापडतो, बिस्किटं कपड्यांत लपवलेली असतात, रात्री मूल दाराकडे तोंड करून झोपतं. रागावून हे थांबत नाही. मुलाच्या हाताला लागेल अशा डब्यात चुरमुरे-फुटाणे कायम भरून ठेवले आणि डबा कधीच रिकामा दिसला नाही, की लपवणं आपोआप कमी होत जातं. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायचा: दात, आंघोळ, देवपूजा, नाश्ता, खेळ, जेवण. शब्द लिहायचे नाहीत, फोटो लावायचे, तेही त्याच घरातले. पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलाच्या अंगातला ताठरपणा उतरतो, आणि शिकणं त्यानंतरच सुरू होतं. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेकडून पाठपुरावा होतो. पुष्कळ पालक त्या भेटीला परीक्षा समजून घर आवरून बसतात आणि सगळं छान आहे म्हणून सांगतात. अडचणी सांगायच्या त्या तिथेच.

शाळेत घातलं तर काय होतं? शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवतात. हेतू चांगला आहे, आणि मागे पडलेल्यांना विशेष प्रशिक्षण द्यावं असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे. पण नऊ वर्षांचं, अक्षरओळख नसलेलं मूल चौथीच्या पन्नासांत बसलं की ते फक्त एक गोष्ट उत्तम शिकतं, ती म्हणजे लपणं. शेजारच्याच्या वहीतून फळ्यावरचं हुबेहूब उतरवून घेणं, बाईंनी नाव घेतलं की शौचाला जाणं. काही वर्षं घरी शिकवायचा निर्णय अशा वेळी शहाणपणाचा ठरतो. त्या कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, शिक्षेची तरतूद नाही. तरी मुक्त विद्यालयातली नोंदणी आणि रोजच्या कामाची तारीखवार वही असली म्हणजे कुणी विचारलं तर दाखवता येते.

आता अक्षरं. बैठक बारा मिनिटांची, दिवसातून चारदा. तासभर सलग बसवलं तर पहिल्या पंधरा मिनिटांत जे आलं तेही उरलेल्या वेळात पुसलं जातं. एका स्टीलच्या ताटात दोन-तीन मिलिमीटर जाडीचा बारीक रवा पसरायचा. जास्त झाला की बोटाची रेघ मिटते, कमी झाला की ताटच दिसतं. आपण आधी मुलाच्या तळहातावर अक्षर काढायचं, आवाज म्हणायचा, मग त्याने रव्यात काढायचं. आठवड्याला दोनच अक्षरं. क्रम 'अ'पासून नको, 'क'पासूनही नको. एकमेकांत मिसळत नाहीत अशी आणि लगेच शब्द होतील अशी अक्षरं आधी घ्यावीत. 'र', 'न', 'ग', 'ल', 'प' एवढ्यांत नग, नर, रग, नल, पर, गर असे शब्द होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात मूल काहीतरी 'वाचतं'. आपल्याला वाचता येतं हा अनुभव या मुलांना लवकर मिळायलाच हवा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'प' आणि 'ष', 'ब' आणि 'व' या जोड्या कधीही एकाच महिन्यात शिकवू नयेत. एक पक्कं बसल्यावर किमान सहा आठवड्यांनी दुसरं. 'फरक बघ' म्हणून दोन्ही शेजारी मांडणं ही हुशार मुलांसाठीची युक्ती आहे. या मुलांच्या डोक्यात ती दोन्ही अक्षरं कायमची चिकटून बसतात.

बाराखडीचा फसवेपणाही इथेच सांगायला हवा. ताल लागला की मूल 'क का कि की' सुरात, न चुकता म्हणतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि 'की' एकट्याने कागदावर आला की ते गप्प होतं. ते गाणं पाठ झालेलं असतं, वाचन नाही. म्हणून मात्रा एकेक घ्याव्यात: महिनाभर फक्त काना, शिकलेल्या प्रत्येक अक्षराला. ऱ्हस्व वेलांटी सगळ्यांत शेवटी, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. डावीकडून वाचायला शिकलेलं मूल 'दिन' वाचताना पहिल्या दांडीपाशीच अडतं. यावर उपाय असा की अक्षर काळ्या खडूने आधी लिहायचं आणि वेलांटी लाल खडूने नंतर, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. लाल दिसलं की पुढचं अक्षर आधी म्हणायचं, ही सवय हाताला लागते. रफार आणि 'क्र', 'ट्र' यांची घाई करू नये. त्यांच्याशिवाय वाचता येतील असे शेकडो शब्द आहेत.

आकड्यांमध्ये मराठीने या मुलांसाठी एक अवघड चढ ठेवला आहे. एकवीस म्हणताना एक आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतो, म्हणून मूल १२ लिहितं आणि आपण त्याला निष्काळजी म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकरांच्या समितीने ते सुचवलं होतं. भाषा बुडेल म्हणणाऱ्यांनी एखाद्या मंदगती मुलासमोर बसून त्र्याहत्तर आणि सदतीस शिकवून बघायला हवं होतं. घरी शिकवताना निःशंकपणे वर्षभर 'वीस एक'च म्हणावं. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले, आणि सुट्या काड्या. दोन गठ्ठे उचलताना 'वीस', एक काडी उचलताना 'एक'. हात आणि तोंड एकाच क्रमाने चालले की आकडा उलटा पडत नाही. गठ्ठा मुलानेच बांधायचा, तयार गठ्ठ्यात दहा काड्या आहेत यावर त्याचा विश्वास नसतो आणि ते बरोबरच आहे. नेहमीची नावं नंतर, दुकानात, नाण्यांसोबत शिकवावीत. एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी सर्वांत शेवटी, कारण तिथे पुढचा दहाचा टप्पा आधी माहीत असावा लागतो आणि मग त्यातून एक वजा करावा लागतो.

या सगळ्यात देवाचं काय, असं कोणी विचारलं तर मला आधी टाळ आठवतो. टाळाची दोरी बोटाभोवती घ्यायची, दोन्ही हात एकाच क्षणी जवळ आणायचे आणि लगेच सोडायचे, शिवाय पाय पावलीत ठेवायचे: डाव्या-उजव्या हातांचा असा मेळ घालणारा व्यायाम दवाखान्यात पैसे मोजून घ्यावा लागतो. हरिपाठात प्रत्येक अभंगानंतर तेच धृपद येतं. अभंग मोठी माणसं म्हणतात. मुलाने पहिलं वर्षभर फक्त धृपद म्हटलं तरी ते म्हणणाऱ्यांतलंच एक असतं. मुलाला जमेल एवढा वाटा, आणि तो पूर्ण वाटा मानला जातो, अशी जागा शाळेत क्वचितच मिळते. कोणी त्याला थांबवून 'पुढचं म्हणून दाखव' म्हणत नाही. तोतरं, अडखळणारं मूल समूहाच्या लयीत बरेचदा न अडता म्हणतं. त्याच्या कानावर स्वतःचा सलग आवाज पडतो, याचं मोल भाषेच्या दृष्टीने फार आहे.

काळाची जाण या मुलांना उशिरा येते. 'परवा' म्हणजे गेलेला की येणारा, यातच ती हरवतात. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दर एकादशीला टिकली लावायची, रोज एक दिवस खोडायचा आणि पुढच्या टिकलीपर्यंत घरं मोजायची. हे अंतर दर वेळी तंतोतंत सारखं नसतं, म्हणून मोजावंच लागतं, पाठ करून भागत नाही. पौर्णिमेला गच्चीवर जाऊन चंद्र बघायचा म्हणजे कागदावरचं गोल आणि आकाशातलं एकच आहे हे कळतं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हा अपूर्णांकांचा धडा आहे: दोन वाट्या साबुदाणा धुऊन, पाणी जेमतेम वर येईल इतकंच ठेवून चार-पाच तास भिजवायचा, मग एक वाटी दाण्याचं कूट, अर्धा चमचा जिरं. पाणी जास्त झालं तर गोळा होतो. तो गोळा होऊ द्यावा, खावा, आणि पुढच्या एकादशीला पाणी कमी घालताना मुलाला आठवतं का ते बघावं. कारण आणि परिणाम यांचा संबंध वहीत लवकर पटत नाही, पानात पटतो.

नवसाला मात्र माझा विरोध आहे, आणि श्रद्धा ठेवूनच आहे. 'याला वाचता येऊ दे, मग पायी वारी करीन' असं देवापुढे मोठ्याने बोललं की मूल ते ऐकतं. आपण आत्ता जसे आहोत तसे या घराला पुरेसे नाही, एवढंच त्यातून त्याच्यापर्यंत पोचतं. दोन-दोन आयांनी सोडून दिल्याची भीती मनात असलेल्या मुलाला, एक जन्मदाती आणि एक संस्थेतली, हे ऐकवू नये. वारी करायची तर बिनशर्त करावी. जनाबाईची आठवण अशा वेळी बळ देते. परंपरा सांगते की गंगाखेडची ती पोरकी पोर नामदेवांच्या घरी वाढली, आणि दळण-कांडण करता करता तिची वाणी फुटली.

आणि मोडतोड होणारच. ताप येऊन गेला, दिवाळीला पाहुणे आले, आठवडाभर नेम चुकला, की पक्की वाटलेली दहा अक्षरं गायब होतात. अशा वेळी पालक जिथे थांबलो तिथूनच पुढे रेटतात. तसं न करता तीन आठवडे मागे जायचं, सोप्या अक्षरांवर दोन दिवस घालवायचे. विसरलेलं दुसऱ्यांदा लवकर येतं, पण मुलाला भरवसा वाटला तरच.

परीक्षांचा विचार बाराव्या वर्षाच्या आसपास सुरू करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय पुरतात, त्यात एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही, चित्रकला आणि गृहविज्ञान घेता येतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दरवर्षी एक-दोन विषय अशी सावकाश दहावी या मुलांना मानवते. राज्य मंडळाचा, शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरून एकदम सगळे विषय देण्यापेक्षा ही वाट मला बरी वाटते. प्रमाणपत्राचं वेगळं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी सहसा देत नाहीत, कारण त्याआधीचं अडखळणं कशाचं हे सांगता येत नाही. बुद्ध्यंक ७०च्या खाली आला आणि रोजचे व्यवहारही अवघड जात असतील तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली बौद्धिक अक्षमतेचा दाखला मिळतो. सगळ्यांत कुचंबणा ७० ते ८४मधल्यांची होते: दाखला नाही, सवलत नाही, आणि वर्गाचा वेगही झेपत नाही. संस्थेतून आलेली पुष्कळ मुलं याच पट्ट्यात सापडतात. घरी आल्यानंतर पहिल्या वर्षातला आकडा तर कुठे लिहूनच ठेवू नये. दोन-तीन वर्षांनी चाचणी पुन्हा करून घ्यावी, आणि तीही मराठीतूनच.

एक प्रश्न या मुलांकडून येतोच, बहुतेकदा आठ ते अकराच्या दरम्यान, आणि तोही वाचताना अडल्यावर. 'मला येत नाही म्हणून मला सोडलं का?' 'देवाने तुला आमच्याकडे पाठवलं' हे उत्तर प्रेमाचं असलं तरी त्याने विचारलेलं त्यात कुठेच नसतं. हिशेबाच्या यंत्राला लागते तशी कागदाची लांब पट्टी घ्यावी, एका वर्षाला दहा सेंटिमीटर. जन्म, संस्थेत आल्याची तारीख, घरी आल्याची तारीख, पहिलं अक्षर काढलं तो महिना, सगळं मुलाकडूनच मांडून घ्यावं. वीस दिवसांचं असताना तू तिथे आलास आणि वाचायला बसलास सहाव्या वर्षी, मग सोडताना तुला वाचता येईल की नाही हे कुणाला कसं कळणार, हे त्याला पट्टीवर बोट ठेवून दिसतं. मूल चौथ्या-पाचव्या वर्षी संस्थेत आलं असेल तर हे उत्तर खरं ठरेलच असं नाही, तेव्हा ते देऊ नये. फाइलमध्ये गरिबी किंवा आजारपण लिहिलं असेल तर तेवढं सांगावं, आपण होऊन सोपवलेल्या मुलाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात हेही सांगावं, आणि जे लिहिलेलं नाही ती जागा पट्टीवर कोरी ठेवावी. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी मुलाला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. त्यासाठी दत्तकादेश आणि दोन्ही अहवालांच्या प्रती दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात. मूळ कागद मात्र लॅमिनेट करू नयेत.